दहा मिनिटांत करते फोन

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला ताईंना आनंद व्हायचा.

आता यात सांगण्यासारखं ते काय, असं कुणीही म्हणेल. रविवार म्हटल्यावर माणसाला बरं वाटणारच. पण ताईंचा आनंद तसला, सुट्टीचा नव्हता. तो घड्याळ लावल्यासारखा यायचा, फार तर दोन मिनिटं मागेपुढे, आणि पाऊणएक तासानं आला तसा निघून जायचा. त्याआधी नवऱ्याशी खटका उडालेला असो, डोकं ठणकत असो, नाहीतर नळ गळून स्वयंपाकघरात तळं साचलेलं असो, साडेदहा वाजले की ताईंचा चेहरा सैल पडायचा, तोंडातल्या तोंडात गाणं सुरू व्हायचं, आणि भांडी विसळता विसळता कुणी कानात विनोद सांगावा तशा त्या खुदकन हसायच्या. का हसलीस म्हणून विचारलं तर त्यांना स्वतःलाच सांगता यायचं नाही. घरच्यांनी याचा घ्यायचा तेवढा फायदा घेतला होता. लेकीनं लहानपणी मांजर मागितलं ते रविवारी पावणेअकराला, आणि नवऱ्यानं कुणीतरी टाकून दिलेला मोडका पियानो घरात आणायची परवानगी काढली तीही रविवारी अकरा वाजता. मांजर पुढे सुखानं म्हातारं होऊन गेलं. पियानो अजून आहे आणि अजून मोडकाच आहे.

हा नवरा गावभरची वाद्यं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला सगळे मास्तर म्हणत. स्वतःच्या घरातलं वाद्य सोडून इतर कुठलंही वाद्य मास्तर वेळेवर दुरुस्त करून देत. त्यांचा कान असा, की जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय आणि त्याचा कुठल्या पायातला बूट झिजलाय ते बसल्या जागी सांगावं. ताईंच्या रविवारच्या आनंदाबद्दल त्यांचं मत साधं होतं. येतोय ना, येऊ दे, विचारून विचारून पळवून लावू नका, असं ते लेकीला सांगत.

ताई हेही खरं त्यांचं नाव नव्हे. बंदर खात्यात जिथे पुढच्या वर्षाच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून त्यांचं पुस्तक छापतात, त्या विभागात त्यांनी चौतीस वर्षं मशीन सांभाळलं, आणि साहेबापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ताई झाल्या. गंमत अशी, की त्यांना ताई म्हणायचा खरा जन्मसिद्ध हक्क जगात एकाच माणसाला होता, धाकट्या बहिणीला, आणि धाकटीनं एकोणीस वर्षांत त्यांना हाक मारलेली नव्हती. ताई याबद्दल बोलायच्या नाहीत. पण आठ दिवसांवर निवृत्ती आलेली, पुढच्या शुक्रवारी निरोपाचा समारंभ, घरात नव्या पडद्यांपासून पाहुण्यांच्या गाद्यांपर्यंत सगळ्याची धांदल, आणि या सगळ्यात ताईंच्या मनात एकच होतं: धाकटी आली तर बस्स, बाकी समारंभ नाही झाला तरी चालेल. तिला लिहिलेली चिठ्ठी टेबलाच्या खणात पडून होती. चार वाक्यं झाली होती, पाचवं सुचत नव्हतं, आणि पत्ताही माहीत नव्हता.

तसा अर्धवटपणा ताईंच्या अंगातच होता. घरात कुठेही बघा, त्यांचा अर्धा राहिलेला चहाचा कप सापडणार, अर्धं विणलेलं स्वेटर सापडणार, गाणं अंतऱ्यावर सुटणार. ऑफिसात मात्र त्यांचं एकही काम कधी अर्धं राहिलं नाही. याचं श्रेय त्या मशीनला देत. आपण नुसतं सुरू करून द्यायचं, म्हणत, शेवटाला न्यायचं त्याच्याकडे लागलं.

त्या मशीनलाही आता निवृत्ती मिळायची होती. सगळे त्याला म्हातारा म्हणत, आणि तो ताईंच्या उमेदीच्या काळापासून एकदाही बंद पडला नव्हता. त्याच्या जागी येणारं नवं मशीन आणि ताईंच्या जागी येणारा नवा माणूस, दोन्ही दाखल झाले होते. हा नवा माणूस चाळिशीचा, सज्जन, आणि प्रत्येक गोष्टीला “सावकाश करू” म्हणणारा, म्हणून त्याचं नाव आठवड्याभरात सावकाश पडलं होतं. ताईंचं शेवटचं काम एवढंच राहिलं, की म्हाताऱ्यावर काय काय चालू आहे त्याची यादी करायची, एकेक थांबवायचं, आणि सोमवारी यादी सही करून सावकाशच्या हातात द्यायची. एखादं काम न थांबवता तसंच नव्या मशीनवर उचलून न्यायचं असेल तर शेजारच्या रकान्यात लेखी कारण द्यायचं.

गुरुवारी सकाळी ताई घरीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. घरून ऑफिसच्या मशीनशी लाइन जोडायची आणि इथल्या काळ्या पडद्यावर टाइप करून तिथली कामं हलवायची, हे त्या फार जुन्या काळापासून करत आलेल्या. शेजारी चहा होता, अर्धा. यादी भराभर पुढे सरकत होती, एकेक ओळ ताई निरोप द्यावा तशी हसून थांबवत होत्या. मग एका ओळीपाशी त्यांचा हात थांबला.

क्रमांक दोन हजार दोनशे चौदा. मालक म्हणून त्यांचंच नाव. सुरू झाल्याची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. कुठल्या टर्मिनलवरून, म्हणजे कुठल्या पडद्यावरून सुरू केलं, त्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. आणि पालकाच्या जागी, एक.

हे ‘एक’ काय ते सांगायला हवं. ताई ते नव्या लोकांना नेहमी घरगुती भाषेत सांगत. मशीनवरच्या प्रत्येक कामाला कुणीतरी पालक असतो. तुम्ही घरून लाइन जोडून काम सुरू केलंत की त्याचा पालक म्हणजे तुमची ती लाइनीवरची बैठक. लाइन तुटली की मशीन त्या बैठकीच्या सगळ्या पोरांना निरोप धाडतं, की बाई गेल्या, आवरा. आणि बिचारी मुकाट्यानं आवरतात. पण सुरू करतानाच तुम्ही एखाद्याला बजावून ठेवलं असेल, की बाबा रे, लाइन तुटल्याचा निरोप आला तरी तू ऐकू नकोस, तर ते ऐकत नाही. पालक गेलेला, पोर मात्र कामात. अशा पोरक्यांना एक नंबर पदरात घेतो. एक नंबर म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं आणि सगळ्यात शेवटी झोपणारं काम. ते कुणालाच नाही म्हणत नाही.

तेव्हा पोरकं काम सापडणं यात नवल नव्हतं. तारीख पाहून ताईंनी खुर्ची पुढे ओढली ती वेगळ्याच कारणानं. ती तारीख त्यांना पाठ होती.

त्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला होता. नवऱ्याबरोबर ती समुद्रापलीकडे, कायमची, राहायला चालली होती, आणि ही बातमी ताईंना तिच्याकडून नाही तर शेजारणीकडून कळली होती. ताई तडकल्या, धाकटी रडली, मग तीही तडकली. नेमकं त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षाचं मोठं गणित म्हाताऱ्यावर सुरू करून द्यायचं होतं, सकाळी पुस्तक छपाईला जायचं होतं, आणि त्या काळी घरात लाइन एकच. फोन तरी, नाहीतर ऑफिसशी जोडणी तरी. सहा चाळीसला ताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “थांब जरा, मला लाइन लागतेय. दहा मिनिटांत करते फोन.” ठेवला. जोडणी केली, गणित सुरू केलं, आणि चौथ्या मिनिटाला टुक् असा आवाज होऊन लाइन तुटली. धाकटीला दम निघाला नव्हता, तिनं उलट फोन केला होता, आणि त्या काळी मध्येच कुणाचा फोन आला की जोडणी कोसळायची. गणित मेलं. ताईंच्या नाकावर राग होताच, तो डोक्यात गेला. त्यांनी पुन्हा जोडणी केली, सहा एकोणपन्नासला गणित पुन्हा सुरू केलं, पण या खेपेला आधी बजावून, की काहीही होवो, लाइन तुटो, तू थांबायचं नाहीस. मग लाइन सोडली आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, म्हणजे धाकटीला लागायलाच नको.

त्या रात्री त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी आधी राग होता, तिसऱ्या दिवशी रागाची लाज होती, आठवड्यानं धाकटी गेली, आणि मग गेलेल्या दिवसांचीच लाज एवढी साचली की फोन कुठल्या तोंडानं करायचा. अशी एकोणीस वर्षं जातात, माणसाला कळतही नाही.

गणित दुसऱ्या दिवशी सकाळी पुरं झालं होतं, ताईंना स्वच्छ आठवत होतं. पुस्तकही छापून आलं होतं. मग हे दोन हजार दोनशे चौदा करत काय होतं इतकी वर्षं? त्यांनी सावकाशला फोन लावला. तो म्हणाला, मी आल्या दिवशीच पाहिलंय ते, पण तुमचं काम, तुमच्या नावावर, मी कशाला हात लावू? आणि ते काही त्रास देत नाही हो, आठवडाभर झोपलेलं असतं. फक्त रविवारी जागं होतं.

“रविवारी किती वाजता?” ताईंनी विचारलं.

“साडेदहा,” सावकाश म्हणाला. “मग पाऊण तासानं झोपतं परत.”

ताईंच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्याच वेळी त्यांना हसूही आलं, कारण त्यांना कशाचंही आधी हसू यायचं. असं सोडून दिलेलं काम जे काही बोलेल ते मशीन आपणहून एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल त्यांनी उघडली. तिच्यात गणित नव्हतं. ओळी होत्या, हजाराला थोड्याच कमी. प्रत्येक ओळीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, बस्स. सगळे रविवार. पहिली ओळ तेवढी त्या भांडणाच्या दिवसाची, आणि वेळ, संध्याकाळचे सहा पन्नास. दहा मिनिटांत करते फोन म्हणाल्यापासून बरोबर दहा मिनिटांनी.

मध्ये कुठेतरी एक ओळ वेगळी होती. सात वर्षांपूर्वीचा एक मंगळवार, अकरा वीस ते तीन दहा. हा मंगळवारही ताईंना ठाऊक होता, अख्ख्या ऑफिसला ठाऊक होता. त्या दिवशी टेबलाशी बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांना जी धार लागली ती चार तास थांबली नव्हती. दुःख काहीच नव्हतं. उलट कुणाला तरी घट्ट धरून ठेवल्यासारखे दोन्ही हात दुखत होते, आणि तीन वाजून गेल्यावर एकाएकी इतकं हलकं वाटलं की त्यांनी सगळ्या विभागाला आइस्क्रीम खिलवलं. मास्तर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

त्यांनी लॅपटॉप मिटला. बाकीची यादी उद्या बघू म्हणाल्या, आणि ती एक ओळ कुणालाच सांगितली नाही.

शनिवारी दुपारी चारला बेल वाजली. मास्तर आतूनच म्हणाले, “बाईमाणूस आहे, सामान जड आहे, आणि पावलं आपल्या घरातली आहेत.” ताईंनी दार उघडलं. दारात धाकटी उभी होती. केस पिकलेले, चष्मा लागलेला, बाकी तीच.

“अशी काय बघतेस? शनिवारी ये म्हणालीस, शनिवारी आले,” धाकटी म्हणाली. “बॅग घे आधी, ताई, हात तुटला माझा.”

ताईंनी बॅग घेतली नाही. त्यांनी तिला अशी मिठी मारली की चष्मा कुठे उडाला ते दोघींना संध्याकाळपर्यंत सापडलं नाही. मग घर नुसतं दणाणून गेलं. लेक कामावरून आली ती मावशीच्या गळ्यातच पडली. मास्तरांनी मोडक्या पियानोवर जेवढ्या पट्ट्या वाजतात तेवढ्यांवर एक धून वाजवून दाखवली, आणि धाकटीनं त्यातल्या न वाजणाऱ्या जागा तोंडानं भरल्या. रुसवे नाहीत, माफी नाही, गेल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही. ताईंना वाटलं, लेकीनं शोधून बोलावलं असणार, पोरगी मोठी हुशार. लेकीला वाटलं, आईनं बोलावलं. मास्तरांना काहीच वाटलं नाही, ते खुशीत होते. इतक्या आनंदात कोण कुणाला विचारायला जातंय.

पण चहा करायला उठली ती धाकटीच, आणि तिनं कप बरोबर त्या कपाटातून काढले जिथे ते गेल्या महिन्यात हलवले होते. निळ्या कपाचा कान तुटला म्हणून फेकायचं चाललंय ना, मग फेकला का नाहीस अजून, असं तिनं सहज विचारलं. मास्तरांचा गुडघा कसा आहे तेही विचारलं, आणि उजवा की डावा हे विचारावं लागलं नाही. ताई ओट्याला टेकून ऐकत राहिल्या.

“तुला हे सगळं कुणी सांगितलं?” त्यांनी शेवटी विचारलं.

धाकटी हसली. “तूच की. दर रविवारी कान खातेस माझे.”

मग ती बोलत सुटली, आणि ताईंनी तिला बोलू दिलं. एकोणीस वर्षांत एक रविवार चुकवला नाहीस, म्हणाली. त्या भांडणाच्या संध्याकाळी मला वाटलं संपलं आता, मी घड्याळाकडे बघत बसले होते, आणि बरोबर दहाव्या मिनिटाला तुझा फोन. तिथूनच सगळं निवळलं की नाही? मी किती वेळा म्हटलं येते म्हणून, पण तू आपली, आत्ता नको, घरात कामं निघालीत, आत्ता नको, मुलीची परीक्षा आहे. निवृत्तीची वेळ आली की ये, मग निवांत बोलू. घरातल्या कुणाला मध्ये घ्यायचं नाही, रविवारचा पाऊण तास आपल्या दोघींचा. बरं, नंबर तरी बदल म्हटलं तर तेही नाही, अजून तोच जुना घरचा नंबर. तो नंबर ताईंनी बारा वर्षांपूर्वी बंद केला होता. भिंतीवरची तार काढून तिथे रंगही दिला होता.

“आणि तो मंगळवार,” धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. सात वर्षांपूर्वी तिच्या मुलाला मोठा अपघात झाला होता. आत त्याच्यावर शस्त्रक्रिया चाललेली, नवरा परगावी, आणि ती दवाखान्याच्या जिन्यात एकटी बसलेली. “कधी नव्हे तो रविवार सोडून, अवेळी तुझा फोन आला. चार तास तू फोन ठेवला नाहीस. मी कोलमडले असते गं त्या दिवशी. तू धरून ठेवलंस मला.”

मुलगा आता सहा फूट उंच झाला होता, फोटो होता. ताईंनी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मी नव्हते ती, असं ओठांवर आलं होतं, आणि मग त्यांना आपले दुखलेले हात आठवले, आणि त्यांनी फोटो धाकटीच्या हातात परत दिला. रात्री त्या गाढ झोपल्या. धाकटी शेजारच्या खोलीत घोरत होती, लहानपणी घोरायची तशीच.

रविवारी सकाळी दोघी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलायला बसल्या. मास्तर आतल्या खोलीत कुणाच्यातरी व्हायोलिनची खुंटी घासत होते, लेक बाजारात गेली होती. ताईंसमोर लॅपटॉप उघडा होता, शेजारी चहा, अर्धा. दहा वीसला त्यांनी थांबवण्याची आज्ञा टाइप केली आणि तिच्यापुढे क्रमांक लिहिला, दोन हजार दोनशे चौदा. आता नुसतं एक बटण दाबायचं होतं.

दाबावं असंच त्यांना वाटत होतं, खोटं कशाला बोला. ही कोण आली माझ्या बहिणीला आत्ता नको, आत्ता नको म्हणून दूर ठेवणारी? माझी एकोणीस वर्षं हिनं खाल्ली. आता मी आहे ना इथे, हातभर अंतरावर, आता हिचं काय काम? असा सगळा जळफळाट त्यांच्या मनात चालला होता आणि बोटं मात्र शेंगा सोलत होती. मग त्यांना दिसला दवाखान्याचा जिना. त्या मंगळवारी धाकटीला फोन करायला त्यांच्याकडे तिचा नंबरसुद्धा नव्हता. आणि दहा मिनिटांत करते म्हणाल्या होत्या त्या, पण केला होता कुणी?

धाकटी ऑफिसातल्या सावकाशची नक्कल करून दाखवत होती, त्याला एकदाही न बघता, आणि हुबेहूब. ताई इतक्या हसल्या की चार दाणे टेबलाखाली गेले. ते उचलायला त्या वाकल्या आणि तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

धाकटीनं पदराला हात पुसले, फोन उचलून पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला. काल दारात उजळला होता त्याहून जरा जास्तच. ती लगबगीनं उठली.

“एक मिनिट हं,” ती ताईंना म्हणाली. “ताईचा फोन आहे.”

आणि ती गॅलरीत गेली. बोलताना तिच्या आवाजात काहीही वेगळं नव्हतं, चेहऱ्यावरही नव्हतं. जाताना दार तिनं सवयीनं ओढून घेतलं.

ताई बसून राहिल्या. घड्याळात साडेदहा वाजून एक मिनिट झालं होतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात ती फाइल उघडी होती, तिच्यात नवी ओळ उमटली होती, आजची तारीख, दहा एकतीस, पुढची जागा मोकळी. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. ओठ आपोआप सैल पडले. छातीत काहीतरी फुलत वर आलं, हजार रविवार ओळखीचं, तेच, तसंच, काही कारण नसताना. फक्त आज कारण गॅलरीत दिसत होतं. काचेपलीकडे धाकटी डोकं मागे टाकून हसत होती, आणि ती हसली की ताईंना इथे हसू येत होतं.

त्यांनी टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर करून पुसली. मग सोमवारची यादी उघडली, दोन हजार दोनशे चौदासमोरच्या रकान्यात ‘चालू ठेवावे, नव्या मशीनवर न्यावे’ असं लिहिलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं, काम अजून संपलेलं नाही. कप उचलला आणि राहिलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. गार झाला होता, पण गोड लागला.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मास्तर खुंटी हातात घेऊन बाहेर आले, ताईंकडे बघून जागच्या जागी थांबले, आणि गॅलरीच्या बाजूला कान करून उभे राहिले.

“अगं, तू इथे?” ते म्हणाले. “मग गॅलरीत धाकटीबरोबर कोण हसतंय?”

“मीच,” ताई म्हणाल्या, आणि शेंगांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.